रविवारी कोण जिंकलं

फोन वाजला तेव्हा मी कांदा चिरत होतो. शनिवार, दुपारचे बारा. एक्क्याण्णव सालचा एप्रिल, तरी रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळके ढीग अजून शिल्लक होते. अमेरिकेच्या मध्यावर, नकाशात भिंग लावून शोधावं लागेल अशा एका गावात मी आणि दिगंबर शेट्ये पीएच.डी. करत होतो आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. मी दोन बोटांनी रिसीव्हर उचलून मानेत अडकवला.

"हॅलो, दिगू?"

"दिगू लायब्ररीत गेलाय. कोण बोलतंय?"

"मी नारायण. त्याचा भाऊ. तुम्ही मोघे ना? बरं झालं तुम्हीच भेटलात." आवाज तुटत तुटत येत होता. "अप्पांना काल छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीला हलवलंय. झटका मोठा आहे म्हणतात डॉक्टर. शुद्धीत आहेत, पण खात्री देत नाहीत."

"मी आत्ता जाऊन त्याला बोलावून आणतो. पाच मिनिटांवर आहे लायब्ररी."

"नको नको! त्यासाठीच तर केलाय फोन. त्याची परीक्षा शुक्रवारी आहे ना? ती होईस्तोवर त्याच्या कानावर जाता कामा नये. आईने बजावलंय. दुसऱ्या कुणाकडून पत्र आलं, फोन आला, तर तुम्ही बघा. तुम्ही समंजस आहात, दिगू नेहमी लिहितो. शब्द द्या मोघे."

मी शब्द दिला आणि पुन्हा कांदा चिरायला लागलो.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज कबूल केलेलं बरं. माझी आत्या मी दहावीला असताना गेली, ते मला शेवटचा भूगोलाचा पेपर झाल्यावर कळलं. तोवर घरातले सगळे माझ्यासमोर नेहमीसारखे जेवत होते, आणि आत्या नाशिकला गेली आहे असं मला सांगितलं होतं. मुलाची परीक्षा म्हटली की यमानेसुद्धा जरा ओसरीवर बसावं, अशी आपल्याकडची रीत. शिवाय दिगूची ही परीक्षा तशीच होती. तीन प्राध्यापकांसमोर तोंडी द्यायची. मागच्या हिवाळ्यात तो तिच्यात नापास झाला होता. दोनदाच देता येते. आता नापास झाला असता तर सामान बांधून सरळ देवरुख. अप्पांनी एसटीतल्या नोकरीची सगळी पुंजी त्याच्या तिकिटात घातली होती, हेही मला माहीत होतं. आणि समंजसपणाची मला त्या वयात फार घमेंड होती.

अप्पांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो. देवरुखच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. तीस वर्षं लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच छंद उरले, रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंटरी आणि दिगू. त्या दोन्हींचा दिगूने मिळून एक प्रकार काढला होता. दर रविवारी दुपारी आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये आम्ही सातआठ देशी पोरं क्रिकेट खेळायचो. टेनिसच्या बॉलला इलेक्ट्रिकची काळी पट्टी गुंडाळलेली, दुधाचा निळा क्रेट म्हणजे स्टंप, आणि कडेला डंपस्टर, म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी. आपली खेळी नसेल तेव्हा दिगू एका मोटारीच्या बॉनेटवर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि माइक तोंडाशी धरून मराठीत कॉमेंटरी करायचा. तीही अप्पांच्या गाड्या पुकारण्याच्या सुरात. "चेंडू घेऊन निघालेत लाहोरचे तारिक, वाया डंपस्टर, थांबा नाही!" रघुनाथन नावाचा एक मद्रासी मुलगा होता, त्याला एक अक्षर कळायचं नाही, पण आपलं नाव आलं की तो बॅट उंच करायचा.

ती कॅसेट सोमवारी पोस्टात पडायची. बाराचौदा दिवसांनी देवरुखला पोचली की अप्पा ती घेऊन स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जायचे आणि ड्रायव्हर-कंडक्टरांना ऐकवायचे. मग त्यांचं पत्र यायचं. त्यात तब्येतीबद्दल एक ओळ आणि बाकी पानभर क्रिकेट. "रघुनाथनला सांग, आडवी बॅट घालू नको. मोघ्यांचा पाय हलत नाही. आपल्या संगमेश्वर गाडीचे पाटील कंडक्टरही तेच म्हणत होते." असा मी देवरुख स्टँडवर बदनाम होतो.

त्या रविवारी दिगू पुस्तकं मिटून खाली आला. "एकच तास," म्हणाला. "अप्पांची कॅसेट चुकवली तर ते पत्रातून झोडपतील."

मी नेहमीसारखं खेळायचं ठरवलं होतं. पण सोंग आणायला कसब लागतं. पहिल्याच चेंडूवर माझ्या मागचा क्रेट उडाला आणि मी बॅट टेकून तसाच उभा राहिलो. आत्ता रत्नागिरीत तो माणूस कुठल्या खाटेवर असेल, नाकात नळ्या असतील का, हेच डोक्यात. तारिकने दोनदा हाक मारली तेव्हा बाजूला झालो. दिगू बॉनेटपाशी माझ्याकडे बघत माइकमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत होता. माझी टिंगल चाललेली असणार म्हणून मी लक्ष दिलं नाही. शेवटच्या चेंडूवर दिगूने चौकार मारला आणि जिंकला. मग माइक पुन्हा उचलून स्वतःचंच कौतुक केलं.

सोमवारी सकाळी त्याने कॅसेट माझ्या हातात दिली. "पत्ता तूच लिही रे आज. आणि टाक पोस्टात. मला श्वास घ्यायला वेळ नाही."

मी पत्ता लिहिला. श्री. सखाराम गोविंद शेट्ये, एसटी स्टँडमागे, देवरुख. ही पोचेपर्यंत ते राहू देत रे बाबा, असं मनात म्हणालो आणि पेटीत टाकली.

मंगळवार तसाच गेला. बुधवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. दिगू आंघोळीला गेला होता. मी धावलो.

"मोघे, मी नारायण. अप्पा आज बरे आहेत हो!" भाऊंचा आवाज एकदम मोकळा होता. "दुपारी उठून बसले. पेज घेतली. सारखे विचारतायत, कॅसेट आली काय, रविवारी कोण जिंकलं. मी म्हटलं, अहो, कॅसेट अजून समुद्रावर असेल."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी म्हटलं, "बघा, मी म्हणत नव्हतो?" वास्तविक मी असं काहीच म्हटलं नव्हतं.

"तर ऐका. मी आता डॉक्टरांच्या खोलीतून बोलतोय. भला माणूस आहे. म्हणाला, खुर्चीवरून आणा त्यांना इथं, दोन मिनिटं मुलाशी बोलू देत, बरंच वाटेल. आईला विचारलं तर ती नको म्हणते. परीक्षेचं मन लागणार नाही म्हणते. मला काय सुचत नाही. तुम्ही सांगा मोघे. आणू काय अप्पांना? दिगू आहे काय तिथं?"

बाथरूमचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. आत पाणी पडत होतं आणि आमचा दिगू त्याच्या नेहमीच्या पद्धतीने आंघोळ करत होता. म्हणजे ओरडत होता. "देवरुख-रत्नागिरी जलद गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी आपलं सामान आपल्या जबाबदारीवर..."

"तो ओरडतोय तो दिगूच काय?" भाऊंनी विचारलं.

"हो. आंघोळ करतोय."

भाऊ हसले. "अगदी अप्पांचा गळा."

मी बाथरूमच्या दाराकडे बघत उभा होतो. अप्पा बरे आहेत. पेज घेतायत. शुक्रवारला उरले दोन दिवस. आत्ता दिगूने त्यांचा थकलेला आवाज ऐकला, हॉस्पिटलचं नाव ऐकलं, की संपलंच. तो पुस्तकं फेकून विमानाचं तिकीट शोधत सुटेल, परीक्षा जाईल, आणि अप्पा तर आठ दिवसांत घरी येतील. मग हाच मुलगा मला म्हणेल, तू का मध्ये तोंड घातलंस? असा सगळा हिशेब मी एका क्षणात मांडला. हिशेबात चूक नव्हती.

"नको भाऊ," मी म्हणालो. "एवढे चार दिवस काढले, आणखी दोन. शुक्रवारी पास झाला की मी स्वतः त्याला फोनपाशी बसवतो. अप्पांना पास झाल्याचंच ऐकू दे."

भाऊ म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही तिथले, तुम्हाला तिथलं कळतं. मग अप्पांना काय सांगू? कोण जिंकलं?"

"दिगू जिंकला. शेवटच्या चेंडूवर चौकार मारला, सांगा."

"सांगतो, सांगतो. खूश होतील."

मी फोन ठेवला. आतून दिगू ओरडला, "कुणाचा रे फोन?"

"राँग नंबर!"

"एवढा वेळ राँग नंबरशी बोलतोस? लग्न करून टाक आता!"

गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता भाऊंचा पुन्हा फोन आला. दिगू लायब्ररीत होता. यावेळी भाऊ दोनच वाक्यं बोलले. अप्पा पहाटे झोपेतच गेले. दुपारपर्यंत सगळं उरकतील. दिगू काही पोचणार नाही, तेव्हा परीक्षा देऊ दे त्याला.

मी खुर्चीत बसून राहिलो. दिगू परत आल्यावर त्याला वाढलं. तो जेवताना टेबलावर बोटाने समीकरणं काढत होता. मीठ कमी आहे, एवढंच म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला आणि तळहात पुढे केला. मागच्या वेळी नापास झाला तेव्हा आम्ही दही-साखर विसरलो होतो, असं त्याचं ठाम मत होतं. मी वाटी आणली. बाप गेलेल्या मुलाच्या हातावर दही-साखर घालताना मी अर्धी साखर जमिनीवर सांडली.

"तू कशाला घाबरतोस?" तो हसला. "परीक्षा माझी आहे." मग टेबलावर अप्पांचा एसटीच्या खाकी गणवेशातला फोटो होता, त्याला हात जोडले. "येतो हां, अप्पा."

अकरा वाजता तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत आला. दार आपटलं. "झालो! तिघांनी हात मिळवले! हॉलिस्टर म्हणाला, इतकं नीट उत्तर त्याने दहा वर्षांत ऐकलं नाही!" मला उचलून गरकन फिरवलं आणि थेट फोनपाशी गेला. "तिकडे साडेनऊ झाले असतील. वैद्यांकडे जागे असतात. अप्पांना बोलवायला सांगतो." शेजारच्या वैद्यांचा नंबर त्याला पाठ होता. त्याने अर्धा फिरवलाही.

मी फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"काय करतोस रे?"

"दिगू, आधी बस."

"बसतो काय! सोड."

"अप्पा गेले."

"कुठे?" तो म्हणाला.

हा प्रश्न त्याने अगदी साधेपणाने विचारला. माझ्या तोंडाकडे बघता बघता त्याचं त्यालाच कळलं. रिसीव्हर त्याच्या हातातच होता. तो सावकाश खाली जमिनीवर बसला.

"कधी?"

"आज पहाटे. म्हणजे तिकडची पहाट. आपली काल संध्याकाळ."

"म्हणजे सकाळी तू दही दिलंस तेव्हा..."

"हो."

त्याने आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहिला आणि पँटला पुसला. मग रडायला लागला. मी शेजारी बसलो आणि शनिवारपासूनचं सगळं त्याला सांगितलं. भाऊंना दिलेला शब्द, आईची ताकीद, सगळं. बुधवारचं मात्र सांगितलं नाही. आत्ता नको, जरा शांत होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर हॉलिस्टर आले. साठीचे, उंच, वाकलेले गृहस्थ. बायकोने केलेल्या सुपाचं झाकलेलं भांडं त्यांनी स्वतः जिना चढून आणलं होतं. ते दिगूच्या समोर बसले, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मला विचारलं, वडील आजारी आहेत हे कधी कळलं होतं?

"गेल्या शनिवारी," मी म्हणालो. "पण परीक्षा होती ना."

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"सोमवारी माझ्या खोलीत येऊन सांगायचं होतंत," ते म्हणाले. "मी मे महिन्यात घेतली असती. ऑगस्टमध्ये घेतली असती. आम्ही तिघांनी एका खोलीत बसायचं, एवढंच तर आहे त्यात. याआधी कितीतरी जणांसाठी पुढे ढकलली आहे."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. माहिती म्हणून सांगितलं त्यांनी. परीक्षेची तारीख विचारून बदलता येते, हे मला, दिगूला, भाऊंना, आईला, कुणालाच सुचणं शक्य नव्हतं. आमच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ. बोर्डाच्या वेळापत्रकात कधी कुणाचा बाप आजारी पडतो का? आणि भाऊ म्हणाले होते, तुम्ही तिथले, तुम्हाला तिथलं कळतं. मला काय कळत होतं? दीड वर्षं राहून मी कपडे धुवायचं मशीन चालवायला शिकलो होतो.

दिगू सुपाच्या भांड्याकडे बघत होता.

रविवारी रघुनाथन आणि तारिकने त्याला विमानतळावर सोडलं. बाराव्याच्या आत तो पोचला. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा डोक्यावर गव्हाच्या कोंबाइतके केस आले होते. बॅगेतून आईने दिलेलं कुळथाचं पीठ आणि आमसुलं काढली, आणि एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं. माझ्याच अक्षरातलं.

"कॅसेट या खेपेला फार उशिरा, मी निघायच्या आदल्या दिवशी आली," म्हणाला. "पोस्टमनने माझ्याच हातात दिली. आई म्हणाली, मला ऐकवणार नाही, घेऊन जा."

पाकीट तसंच पडून राहिलं. आम्ही बोलायचो, स्वयंपाक आलटून पालटून करायचो. तो आंघोळ गुपचूप करायचा.

पुढच्या रविवारी खालून पोरांनी हाका मारल्या. दिगू बूट शोधत आतल्या खोलीत गेला होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी पाकीट फाडलं, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आधी वारा. मग दिगूचा तो जुना, भरदार आवाज. तारिक, डंपस्टर, रघुनाथनची आडवी बॅट. मग क्रेट उडाल्याचा आवाज.

"आणि मोघे शून्यावर बाद. पहिलाच चेंडू. पाटील कंडक्टरांना सांगा, पाय हलला नाही." मग सूर बदलला. स्टँडवरचा राहिला नाही, घरातला झाला. "अप्पा, याचं आज काहीतरी बिनसलंय. कालपासून गप्प आहे. घरून काही वाईट आलं असेल आणि माझी परीक्षा म्हणून सांगत नसेल. असाच आहे तो. शुक्रवार झाला की विचारतो त्याला. आत्ता विचारलं तर उगाच..."

दिगू दारात उभा होता. हातात एक बूट. तो आला आणि त्याने बटण दाबून टेप बंद केली.

मी म्हणालो, "दिगू, तुला एक सांगायचं राहिलंय."

"भाऊने सांगितलं," तो म्हणाला. "बुधवारचं."

खालून तारिक पुन्हा ओरडला. दिगू खाली बसून बूट चढवायला लागला. नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, "राँग नंबर म्हणालास, तोच ना?"

"हो."

"कोण जिंकलं ते ऐकून अप्पा हसले म्हणे. मग म्हणाले, शेवटचा चेंडू कसा होता, ते तोच सांगेल." त्याने नाडी घट्ट ओढली. "टॉवेल गुंडाळून आलो असतो रे मोघ्या. किती वेळ लागतो?"

तो खाली गेला. मीही गेलो. आम्ही खेळलो. टेपरेकॉर्डर वरच राहिला, त्या रविवारी आणि पुढच्या सगळ्या रविवारी.

दिगू आता कॅनडात असतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, आम्ही अर्धा अर्धा तास बोलतो, त्या आठवड्याबद्दल सोडून सगळं. त्याने मला क्षमा केली की नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नाही माझ्यात.

माझ्या घरात मात्र माझी एक खोड आहे, तिच्यापायी सगळे मला वैतागतात. कुणाचाही फोन आला आणि ते माणूस आंघोळीला असलं, तर मी जाऊन दार वाजवतो. बायको म्हणते, लोक पाच मिनिटांनी करतात की पुन्हा. मुलगी आतून ओरडते, "बाबा, नंतर! अंगाला साबण आहे!"

"असू दे," मी म्हणतो. "टॉवेल गुंडाळ आणि ये."